पेरॉक्साइड टाकलं की सोनेरी रंग जातो कुठे?

कोलॉइडल सिल्व्हरच्या (पाण्यात तरंगणाऱ्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांच्या) आजच्या बॅचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड टाकूनही रंग टिकला! फिकट सोनेरी, नितळ, आणि तळाशी अजून तरी गाळाचा कण नाही. आधीच्या बॅचेस आठवत असतील: पेरॉक्साइडचे थेंब पडले की रंग गायब, आणि मग काही वेळाने काचेवर काळपट थर. हे कोडं सुटेपर्यंत बाकी सगळं बाजूला ठेवलं होतं.

मांडणी तीच. ९९.९९ टक्के चांदीच्या दोन तारा, अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर, ५ मिलिअँपिअर कॉन्स्टंट करंट, अधूनमधून ध्रुव उलटे. फॅरेडेच्या हिशेबाने १ मिलिअँपिअर तासभर वाहिला की साधारण ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. म्हणजे अर्ध्या तासात १० मिलिग्रॅम, कागदावर २० पीपीएम (लिटरमागे २० मिलिग्रॅम). प्रत्यक्षात त्यातली थोडी ऋण तारेवर केसाळ बुरशीसारखी जमते, ती वजा.

आता मूळ दुखणं. पेरॉक्साइड ‘कण बारीक करतं’ असं आपल्यात सर्रास म्हटलं जातं. मला ते आता अजिबात पटत नाही. कण बारीक झाले असते तर पिवळेपणा निदान थोडा तरी उरला असता, कारण दहा-वीस नॅनोमीटरचे चांदीचे गोल कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश शोषतात आणि म्हणून पिवळे दिसतात. इथे रंग तर गेलाच, कणांवरून प्रकाश विखुरल्यामुळे पाण्यात दिसणारी लाल लेझरची रेघही पुसली गेली. म्हणजे कण विरघळून आयन (विद्युतभारित अणू) झाले. टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र) मात्र खुशीत आकडा वाढवून दाखवत होता! तो फक्त वाहकता मोजतो, कण त्याला दिसतच नाहीत. त्याच्या पीपीएमवर बॅचची प्रतवारी करणं सोडा, एवढंच सांगेन.

मग नंतरचा काळपट थर कुठून आला? पेरॉक्साइड दुतोंडी आहे. आम्लधर्मी पाण्यात ते चांदीचं ऑक्सिडीकरण करतं, अल्कधर्मी पाण्यात चांदीच्या आयनांना परत धातू बनवतं. वर गंमत अशी की कण विरघळताना हायड्रॉक्साइड तयार होतं, पाणी अल्कधर्मी बाजूला सरकतं आणि उलटा प्रवास सुरू होतो. चांदी आत-बाहेर करत राहते, मध्ये पेरॉक्साइड फुटून ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात (झाकण घट्ट लावू नका, दाब साठतो). परत येणाऱ्या चांदीला धरायला कोणी नसेल तर ती एकमेकींना किंवा काचेला चिकटते. औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड स्टॅबिलायझरमुळे आम्लधर्मी असतं. त्यामुळे जास्त ओतलं की नितळ, कमी ओतलं की राखाडी. एकाच कृतीचे दोन निकाल का येत होते, ते इथे उलगडलं.

म्हणून क्रम बदलला. करंट बंद केल्यावर आधी पाणी अल्कधर्मी करायला धुण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणाचे काही थेंब, मग परतणाऱ्या चांदीला धरायला कोमट पाण्यात विरघळवलेलं ताजं जिलेटिन अगदी थोडं, आणि शेवटी पेरॉक्साइड, तेही पातळ करून, ढवळत, एकेक थेंब. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग कडेने पिवळी झाक आली आणि हळूहळू सगळीकडे पसरली. त्या वेळी ढवळणं थांबवून नुसतं बघत बसलो, हेही लिहून ठेवतो.

जिलेटिनबद्दल एक खबरदारी: त्यात क्लोराइड असेल तर दुधट ढग येतो आणि उजेडात करडा-जांभळा पडतो. तो सिल्व्हर क्लोराइड, कोलॉइड नव्हे. डिस्टिल्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या पाण्यावरही डोळे झाकून विश्वास नको. मी आता प्रत्येक बाटलीतलं थोडं पाणी चांदीच्या आयनांच्या द्रावणाच्या थेंबाने तपासूनच वापरतो. पाणी अल्कधर्मी करायला अमोनिया मात्र कदापि नको. चांदीचं अमोनियायुक्त द्रावण साठवून ठेवलं तर त्यात स्फोटक संयुग बनू शकतं.

‘पिता येईल का’ याचं उत्तर दर वेळचंच: नाही. चांदी त्वचेत साठून निळसर-राखाडी रंग येतो आणि तो सहसा जात नाही. अमेरिकेच्या एफडीएने १९९९ सालीच असल्या विनाचिठ्ठी औषधांना सुरक्षित आणि परिणामकारक मानायला नकार दिला. माझ्यासाठी हा प्रकाशाचा खेळ आहे, बाटलीवर तसं लेबलही लावलंय.

पुढे जाड तार मागवून करंट वाढवायचा बेत होता. पण हे लिहिताना सुचलं: ४०५ नॅनोमीटरचा जांभळा एलईडी नेमका चांदीच्या शोषणशिखराजवळ येतो. नळीच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला फोटोडायोड (प्रकाश पडला की करंट देणारा सुटा भाग), की झाला घरगुती रंगमापक. एलडीआर (प्रकाशानुसार रोध बदलणारा सेन्सर) नको, तो हिरव्याला जास्त संवेदनशील असतो, जांभळ्याला आळशी. मग पेरॉक्साइडच्या प्रत्येक थेंबाला रंग किती वाढला याचा आलेखच निघेल. तार रद्द. आधी एलईडी, आणि आजच्या बॅचमधलं थोडं अंधारात, थोडं उजेडात ठेवून दोन्हींची वाचनं. फोटोडायोडला कोणतं अ‍ॅम्प्लिफायर सर्किट जोडता तुम्ही?