बाबांचा २०१० चा पीसी: एक्सपीवरून लिनक्स मिंट, पाचव्या रविवारपर्यंतची नोंद

आधी आजची स्थिती सांगते. मशीन चालू आहे, मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) नीट बसलं आहे आणि आजीच्या ओव्यांच्या ६४ फायलींपैकी ४१ युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर-फोनवर मराठी दिसेल अशा रूपात, आल्या आहेत. प्रिंटरला अजून हात लावलेला नाही.

यंत्राची कुंडली अशी: कोअर टू ड्युओ ई७५००, २.९३ गिगाहर्ट्‌झ. इंटेल जी४१ चिपसेटचा बोर्ड. एक-एक जीबीच्या दोन डीडीआर३ स्टिक, १६० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी. बाबांनी २०१० मध्ये लॅमिंग्टन रोडवर समोर उभं राहून असेंबल करून घेतला आणि टॅक्सीत मांडीवर ठेवून प्रभादेवीला आणला. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, पण या पीसीला नेट कधी जोडलंच नव्हतं, त्यामुळे बाबांचं काही अडलं नाही. ते रोज सकाळी चहा झाला की त्यावर बसायचे आणि आजीच्या वह्यांतल्या जात्यावरच्या ओव्या टाइप करायचे. सीडॅकचं आयएसएम हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, सुरेख फॉन्ट, आणि इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी.

गणपतीनंतर डिस्कमधून टक्‌-टक्‌ आवाज यायला लागला, तेव्हा मात्र थांबून चालणार नव्हतं.

पहिला रविवार: आधी डिस्कची प्रत

बाकी काही करण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह मिंट (इन्स्टॉल न करता) चालवून जुन्या डिस्कचं स्मार्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, पाहिलं. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्य नव्हते, म्हणजे डिस्कवरच्या काही जागा नीट वाचता येत नव्हत्या. अशा डिस्कवरून फायली एकेक करून कॉपी करू नका. डिस्क अडखळत अडखळत आणखी खराब होते. मी डीडीरेस्क्यूने सबंध डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, बाहेरच्या ड्राइव्हवर घेतली. हा प्रोग्राम आधी वाचता येईल तेवढं सगळं उचलतो आणि अवघड जागांकडे मग परत येतो. कुठवर वाचून झालं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल द्यायला विसरू नका. मध्येच वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

यूएसबी २ च्या वेगाने पहिली फेरी पावणेदोन तासांत झाली, उरलेले सेक्टर रात्रभर चालू ठेवले. सकाळी ४८ केबी सोडून सगळं हाती आलं होतं. ६४ च्या ६४ फायली उघडून पाहिल्या, तोवर बाबा माझ्या खुर्चीमागून हलले नाहीत.

दुसरा रविवार: साफसफाई

समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पंधरा पावसाळ्यांची खारी दमट हवा कॅबिनेटमध्ये दिसते: स्क्रू गंजलेले, रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या. पट्ट्यांवरून साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. कपॅसिटर एकेक करून बघितले, एकही फुगलेला नाही.

जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ७७५ सॉकेटचा पंखा चार पुशपिनांवर बसतो. पिना कर्णात, म्हणजे समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या आणि ‘टक’ असा आवाज चार वेळा ऐकायचा. तीनच ऐकू आले तर बोर्ड बाहेर काढून मागून बघा. माझी एक पिन अर्धवट बसली होती आणि बायोसमध्येच (मशीन सुरू होताना येणारा बोर्डाच्या सेटिंगचा पडदा) तापमान चढताना दिसलं. ती पुन्हा बसवल्यावर प्रोसेसर ४० अंशांच्या आसपास स्थिरावला.

तिसरा रविवार: विंडोज का नाही, आणि रॅमची गोष्ट

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग मशीनमध्ये लागतो. ती तपासणी चुकवून इन्स्टॉल करायच्या युक्त्या आहेत, पण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी या अंगभूत आज्ञा असाव्याच लागतात. कोअर टू ड्युओत एसएसई४.१ पर्यंतच मजल आहे. त्यामुळे इथे युक्ती चालत नाही, विंडोज बूटच होत नाही. हा प्रोसेसर ६४ बिटांचा आहे, म्हणून मिंट २२ ची हलकी एक्सएफसीई आवृत्ती निवडली. तिचा पाया उबुंटू २४.०४, आणि सपोर्ट २०२९ पर्यंत.

दोन जीबी रॅमवर मिंट उठतं, पण फायरफॉक्स उघडला की दम लागतो. म्हणून धीमी लोकल पकडून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर चार जीबीच्या दोन जुन्या स्टिक घेतल्या. घरी येऊन लावल्या तर नुसत्या लांब बीप, पडदा काळा. खोडरबर झाला, स्लॉट बदलून झाले, एकेक स्टिक लावून झाली. काही उपयोग नाही.

कारण नंतर कळलं, आणि या नोंदीतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. जी४१ ला चार गिगाबिटची मेमरी चिप ओळखता येत नाही. चार जीबीची स्टिक दोन प्रकारे बनते: चार गिगाबिटच्या आठ चिपा लावून, किंवा दोन गिगाबिटच्या सोळा चिपा लावून. मला मिळालेल्या दोन्ही स्टिकवर एकाच बाजूला आठ चिपा होत्या. या बोर्डाला सोळावालीच हवी, दोन्ही बाजूंना आठ-आठ. तेव्हा दुकानात लेबल वाचत बसू नका, स्टिक उलटी करून चिपा मोजा.

पुढच्या शनिवारी परत गेले. दुकानातल्या काकांनी कुरकूर न करता खोकं पुढे ढकललं, म्हणाले, “घे बाई, तूच शोध.” वीसेक स्टिक उलटून पाहिल्यावर सोळा चिपांच्या दोन सापडल्या. आठ जीबी झाली, आणि जी४१ ची कमाल मर्यादाही तेवढीच. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवला, सकाळी एकही चूक नव्हती.

चौथा रविवार: इन्स्टॉल

२४० जीबीची साटा एसएसडी लावली. जी४१ सोबत येणाऱ्या आयसीएच७ चिपमध्ये एएचसीआय (डिस्कशी बोलायची नवी पद्धत) नाही, डिस्क जुन्या आयडीई मोडमध्येच चालते आणि साटाचा वेग ३ गिगाबिटचा. त्यामुळे महागडी एसएसडी घेण्यात अर्थ नाही. साध्यातली साधी घेतली तरी जुन्या डिस्कच्या तुलनेत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत आता ४१ सेकंद लागतात.

बूटच्या वेळी पेनड्राइव्ह दिसत नसेल तर बायोसमध्ये ‘हार्ड डिस्क’च्या यादीत शिरून बघा. जुने बायोस पेनड्राइव्हला काढता येण्याजोगं साधन समजत नाहीत, हार्ड डिस्कच समजतात. माझा तिथेच होता, दुसऱ्या ओळीवर.

इन्स्टॉल वीस मिनिटांत झालं. मग नेट जोडलं तर एकही साइट उघडेना, सगळीकडे साइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची तक्रार. अपडेट चालवलं तर म्हणे रिलीज फाइल ‘अजून वैध झालेली नाही’. अर्धा तास राउटरशी झटापट केली. मग आई सहज म्हणाली, “अगं, त्या कोपऱ्यात २००९ का दिसतंय?” बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मेला होता, मशीन बंद केलं की तारीख १ जानेवारी २००९ वर जायची. त्या तारखेच्या हिशेबाने आजची सगळी प्रमाणपत्रं भविष्यातली ठरतात. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून सेल आणला, तारीख लावली, सगळं सुरळीत.

व्हिडिओबद्दल दोन शब्द. या बोर्डावरच्या ग्राफिक्समध्ये आजच्या व्हीपी९ किंवा एव्ही१ या व्हिडिओ-प्रकारांसाठी काहीच सोय नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. फायरफॉक्सला एच२६४ईफाय हे यूट्यूबकडून जुन्या एच.२६४ प्रकारातला व्हिडिओ मागणारं एक्स्टेन्शन जोडल्यावर ७२० ची कीर्तनं बाबांना न अडखळता बघता येतात. १०८० चा नाद सोडलेला बरा.

पाचवा रविवार: ओव्या

खरं काम इथे सुरू झालं. फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता खच. सुरेख हा युनिकोडच्या आधीचा फॉन्ट, त्यात मराठी अक्षरांचे नुसते आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. एक्सपीच्या इमेजमधून फॉन्टची फाइल काढून मिंटमध्ये टाकली, तेव्हा ओव्या डोळ्यांना दिसल्या. पण शोधता येत नाहीत, फोनवर पाठवता येत नाहीत. रूपांतर हवंच.

पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. कोणत्या खुणेचं कोणतं अक्षर याची तक्ता-फाइल आयती मिळाली, पण नुसत्या तक्त्याने भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चारल्या जातात त्या क्रमाने. माझा कसोटीचा शब्द ‘कार्तिकी’, कारण त्यात पहिली वेलांटी आणि रफार दोन्ही एकाच अक्षरावर आहेत. पहिल्या फेरीत आलं ‘काितर्की’. वेलांटी उचलून ‘त’च्या पुढे नेली, तर झालं ‘कातिर्की’. मग रफाराला वेलांटी आणि ‘त’ दोन्ही ओलांडून मागे न्यावं लागलं, तेव्हा कुठे ‘कार्तिकी’. हाच नियम जोडाक्षरांना लावताना सबंध जोडाक्षर एक घास समजून ओलांडायचं, नाहीतर रफार मधेच अडकतो.

दुसरी अडचण बाबांनी पकडली. एका ओवीत आजी सासरच्या वाटेवरच्या डोंगरदऱ्यांबद्दल बोलते, आणि पडद्यावर आलं ‘दर्या’. आम्ही कोकणातले, आजीच्या ओव्यांत दर्याही आहे आणि दऱ्याही आहेत. आयत्या तक्त्यात दोन वेगळ्या खुणांना एकच ‘र्य’ दिलेला होता. तक्ता दुरुस्त केला, पण त्यानंतर प्रत्येक फाइल बाबा वहीशी ताडून बघतात. वेळ लागतो, लागू दे.

टायपिंगचं मला सगळ्यात जास्त टेन्शन होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवा कीबोर्ड शिकायला कसं सांगणार? कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडला, आणि भाषा बदलायला स्क्रोल लॉक दिला, कारण बाबांच्या बोटाला तीच जागा ठाऊक आहे. जुना पीएस/२ कीबोर्ड तसाच ठेवला. त्यांनी चष्मा पुसला आणि न बघता टाइप करायला लागले: ‘के’वर क, ‘डी’वर पाय मोडायची खूण, शिफ्ट दाबून ‘एन’वर ळ. इनस्क्रिप्टमधल्या जागा तिथल्या तिथे आहेत. ‘वाऱ्यावर’ लिहिताना मात्र थांबले. आयएसएमवर हा शब्द ते कसा लिहायचे ते बोटांना आठवत होतं, त्यांना सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, “बाबा, शिफ्ट ‘जे’, मग ‘डी’, मग य.” त्यांनी तीन कळा दाबल्या, ऱ्य उमटला आणि पुढचा शब्द सुरूही केला.

पुढच्या रविवारी लेझर प्रिंटर. तो चालू केला की दरवेळी संगणकाकडून फर्मवेअर मागतो, त्यामुळे एचपीलिप या एचपीच्या लिनक्स प्रिंटर-सॉफ्टवेअरचं प्लगइन लागेल. असा प्रिंटर कुणी मिंट २२ वर चालवला असेल तर जरूर सांगा. बाबांना पहिल्या ४१ फायली कागदावर हव्या आहेत, सोळा पॉइंटात, आत्याला डोंबिवलीला पाठवायला.