पाचवीची रात्र

गुरुवार, दुपार

दवाखान्यातच आहे. शिरेतली सुई अजून डाव्या मनगटाजवळ आहे, पण औषधाचा पंप काल रात्री बंद केला. म्हणून आज लिहिता येतंय.

परवा बाळाची पाचवी होती. आई पाटा-वरवंटा पुजायच्या तयारीत, आणि माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं. जागरण झालंय, वारं लागलं असेल, म्हणून आईने कान घट्ट बांधले, ओव्याची धुरी दिली. संध्याकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. वहिनी म्हणाली, "ताई, उठा, आत्ता दवाखान्यात जायचं." ती अडून बसली नसती तर मी झोपूनच राहिले असते.

बीपी 178/114. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, तेवढंच. गरोदरपणात कधी 120/80 च्या वर गेलं नव्हतं, त्यामुळे खरंच वाटेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी असं वाढू शकतं. घरी सोडताना टाक्यांची काळजी, लशीची तारीख, सगळं सांगितलं होतं. डोकं दुखलं तर बीपी बघून घ्या, एवढं मात्र कुणी म्हणालं नाही. याचा मला राग आहे, आणि तो लवकर जाणार नाही.

आधी लॅबेटालॉल, बीपी उतरवायचं औषध. 20 मिलिग्रॅम, सिस्टरनी दोन मिनिटं लावून शिरेतून हळूहळू सोडलं. डोक्याच्या कातडीला मुंग्या आल्या. दहा मिनिटांनी पट्टा आवळला: 170/110. मग 40 मिलिग्रॅम. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा पट्टा. 150/96. मला वाटलं, आता 120 पर्यंत आणतील. पण तिथेच थांबले. एकदम खाली ओढलं तर मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्त कमी पडतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग मॅग्नेशियम सल्फेट. ते बीपी उतरवायला नाही, वाढलेल्या बीपीमुळे झटके येऊ नयेत म्हणून. वीस मिनिटांत 4 ग्रॅम, पुढे पंपावर तासाला 1 ग्रॅम, चोवीस तास. ते अंगात गेलं तशी छातीपासून कानशिलांपर्यंत आग आग झाली, जीभ जड पडली. दर तासाला सिस्टर माझे श्वास मोजायच्या, लघवीची पिशवी बघायच्या, गुडघ्याखाली हातोडी मारायच्या. पाय उडेनासा झाला तर औषध अंगात जास्त झालं. त्यावर उतारा म्हणून कॅल्शियमचं इंजेक्शन उशाशीच ठेवलेलं. पहाटे तीनला पाय उडला नाही. सिस्टरनी पाय जरा सैल सोडायला सांगून पुन्हा मारलं, तेव्हा उडला. त्या मधल्या क्षणात माझ्या मनात फक्त बाळ होतं.

पाजायला हरकत नाही म्हणाले. माझ्या हातात ताकद नव्हती, म्हणून आईनेच बाळ माझ्या छातीशी धरलं. "मी कान बांधत बसले गं," एवढंच ती दोनदा म्हणाली. मी तिचा हात धरला. तिला तरी कुठे माहीत होतं?

आत्ता 138/88, गोळ्यांवर. पूजा राहिली. आईने पाटा उचललेला नाही, मी घरी आल्यावर करू म्हणते. बाळाला घेऊन ती चारला येईल.