पाच मिनिटं बसा

रक्तदाब मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं निवांत बसवायचं असतं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात काळजाच्या उंचीवर. आमच्या आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच हे बजावलं. निपाणीच्या आसपासच्या गावांत मात्र हे महाकठीण काम. इथल्या कितीतरी बाया तंबाखूच्या वखारीत राबतात, नाही तर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर. पाच मिनिटांत किती विड्या बुडतात, याचा हिशेब त्यांना तोंडपाठ.

"बीपी बगायला आलोय, बसायला न्हाई," म्हणतात. मग बसतात, पण बोटं काही वेळ मांडीवर चाळवतच राहतात.

माझं कापडाचं दुकान. उभा जन्म घासाघिशीत गेला. सुट्टीच्या दिवशी शिबिरात येतो, तर इथेही तेच!

"एकशे पन्नास? जरा कमी करून लिव्हा की, मामा."

आकडा कमी करणं माझ्या हातात नाही. थोड्या वेळानं पुन्हा मोजतो, इतकंच. कधी तो खरंच दहा-बारानं उतरलेला असतो आणि बाई सौदा जिंकल्यासारखी माझ्याकडे बघते. दुकानात असं हरायला मला कधी आवडलं नाही. 140/90च्या वर राहिला, तर डॉक्टरांच्या टेबलाकडे रवानगी आणि वाटेत मिठाबद्दल चार शब्द. हे शब्द खर्डा-भाकरीच्या मुलखात कितपत मुरतात, देव जाणे.

"यात तुला मिळतं काय?" असं शेजारचा दुकानदार विचारतो. व्यापारी माणूस, विचारणारच. मीटर आणि दरापुरतं असलेलं माझं कानडी आता गुडघेदुखी, चक्कर आणि सुनेच्या कागाळ्यांपर्यंत पोचलंय, हे त्याला नफ्यात कसं दाखवू? पट्टा बांधल्यावर मी "माताडब्याड्री" म्हणतो. म्हणजे बोलू नका. त्यावर समोरची अक्का माझ्या उच्चारांना इतकी हसते, की मोजणं पुन्हा पहिल्यापासून.

खरं तर त्या पाच मिनिटांतही गप्पच राहायचं असतं. पण आमच्याकडे माणूस खुर्चीत टेकला की बोलणारच, आणि मला ते थांबवायचं नसतं. एका आजीनं 1981चं तंबाखू आंदोलन सांगितलं. शरद जोशींच्या हाकेवर शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला होता, त्यात ही तान्ह्या पोराला घेऊन बसलेली.

"तेव्हा भर उन्हात दिवस दिवस बसलात," मी म्हटलं, "आणि आज पाच मिनिटं जड?"

"तवा दर मिळणार हुता. तू काय देणार?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तिनंच मग त्या रस्त्यावरच्या भाकऱ्यांचं, पोलिसांचं, पोराच्या तापाचं सांगायला घेतलं. पलीकडून डॉक्टर ओरडले, "रांग का थांबली?" मी घड्याळाकडे बोट दाखवलं. म्हटलं, दोन मिनिटं बाकी आहेत.

नव्हती. कधीच उलटून गेली होती.