कोरं बर्फ

मंगळवार, रात्र

आज पुन्हा टेबलासमोरचं ते चित्र काढून टाकावंसं वाटलं. टाचणीला हात लावला आणि तसाच मागे घेतला.

जपानी चित्रकार कोबायाशी कियोचिकाचं, १८९५ सालचं. चीन-जपान युद्ध, ईशान्य चीनमधल्या यिंगकौची हाडं गोठवणारी थंडी, बर्फात तळ ठोकलेले जपानी शिपाई. तीन कागद शेजारी शेजारी लावले की पूर्ण होतं. पराक्रम कुठेच नाही, नुसता गारठा. त्या युद्धात गोळीपेक्षा रोगराईने कितीतरी पट जास्त जपानी शिपाई गेले. लाकडी ठशांनी छापलेल्या अशा जपानी चित्रांत जमिनीवरचं बर्फ बहुतेक वेळा छापतच नाहीत. लाकडात तेवढी जागा खोदून काढायची, कागद कोरा ठेवायचा. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रडले होते. बाबांची लेहहून आलेली पत्रं... ते आज नको.

परवा माईने सहज दाखवलं. ह्याच माणसाने, ह्याच युद्धात, चिनी शिपायांची टिंगल करणारी चित्रं काढली. मालिकेचं नाव ‘ह्याकुसेन ह्याकुशो’, म्हणजे शंभर लढाया, शंभर विजय. फक्त लिहिताना ‘सेन’ला लढाईचं अक्षर न घेता निवडीचं घेतलं, आणि ‘शो’ला विजयाचं न घेता हसण्याचं. उच्चार तोच. भेदरलेली, वेडीवाकडी तोंडं.

तेव्हापासून चैन नाही. त्याला हसू आलंच कसं? १८६८ मध्ये जपानमधल्याच यादवीत, तोबा-फुशिमीच्या लढाईत, हा स्वतः शोगुनच्या, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशाच्या बाजूने लढला, हरला. विशीतलं पोर. हरलेल्यांची पळापळ त्याने स्वतः सोसलेली. आणि मग हे?

फसवल्यासारखं वाटतंय. माझं रडणं मला परत हवंय. इतकं जवळचं म्हणून एक चित्र लावलं होतं, तेही मला लाभू नये.

पण मघाशी दिवा मालवायला उठले आणि चित्रापाशी थांबले. वर्षभर रोज बघतेय. त्याच रात्री, त्याच थंडीत, पलीकडचे कुठे शेकत असतील, हे एकदा तरी मनात आलं का? नाही आलं. एकदाही नाही. त्याने कागद जिथे कोरा ठेवला, तिथे मीही काही पाहिलं नाही.

राग गेलेला नाही. रडणंही खोटं नव्हतं. दोन्ही राहू देत.

उद्या त्या दुसऱ्या मालिकेतल्या एका चित्राची प्रिंट काढून आणीन. ह्याच भिंतीवर, ह्याच्या शेजारी. माईला आवडणार नाही. टाचण्या आहेत अजून.