आईने मारलेली हाक

रविवार, रात्री उशिरा

काल 'कॉल मी बाय युअर नेम' हा पिक्चर परत बघितला, तिसऱ्यांदा, आणि आज अख्खा दिवस त्याचे जुने रिव्ह्यू वाचत बसले होते, अगदी २०१७ च्या जानेवारीत सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला पहिल्यांदा दाखवला तेव्हापासूनचे. बहुतेकांनी भरभरून कौतुक केलंय आणि ते मला पटतंच. इटलीतल्या क्रेमाचा तो १९८३ चा उन्हाळा, सायकली, पाण्याच्या कडेला तासन्तास पडून राहणं, काहीच घडत नाहीये असं वाटत असताना १७ वर्षांचा एलिओ घरी पाहुणा म्हणून राहायला आलेल्या ऑलिव्हरच्या प्रेमात पडतो आणि आतून पूर्ण बदलून जातो. एलिओ झालेल्या तिमोथी शालामेला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं तेव्हा तो २२ वर्षांचा होता, आणि पटकथेसाठी जेम्स आयव्हरींना ८९ व्या वर्षी ऑस्कर मिळालं. पिक्चरला मिळालेलं तेवढं एकच, नॉमिनेशन चार होती.

ज्यांना खटकला त्यांचीही कारणं वाचली. वयाचा मुद्दा मला खरंच महत्त्वाचा वाटतो. ऑलिव्हर २४ चा दाखवलाय पण त्याचं काम करणारा आर्मी हॅमर त्याहून बराच मोठा दिसतो, त्यामुळे मूळ कादंबरीत कदाचित जेवढं टोचणार नाही तेवढं पडद्यावर टोचतं, आणि हे बोलणाऱ्यांना लोकांनी उगाच गप्प केलं असं मला वाटतं. दुसरं म्हणजे तो खिडकीचा शॉट. दोघं पहिल्यांदा जवळ येतात आणि कॅमेरा हळूच खिडकीबाहेरच्या झाडांकडे वळतो. खुद्द आयव्हरींनीच यावर जाहीर नाराजी दाखवली होती, त्यांनी पटकथेत नग्नता लिहिली होती आणि ती पडद्यावर आलीच नाही. मला तो शॉट आधी आवडायचा, नाजूक वाटायचा, पण काल बघताना वाटलं की इथे कॅमेऱ्याने नजर चोरली.

पण मला आज लिहायचंय ते वेगळंच. मी वाचलेल्या जवळजवळ प्रत्येक रिव्ह्यूमध्ये वडील आहेत. शेवटाकडे सोफ्यावर बसून ते एलिओशी बोलतात तो सीन, मायकल स्टुलबार्गचं काम, त्याला नॉमिनेशन कसं नाही म्हणून लोकांची झालेली चिडचिड. सगळं बरोबर आहे, मीही तिन्ही वेळा रडलेय त्या सीनला. आई मात्र कुठेच नाही! आई झालेल्या अमिरा कासारचं नाव कलाकारांच्या यादीत येतं आणि पुढे एक ओळ नाही.

आता बघा ना, बाहेर पाऊस, लाईट गेलेत, एलिओ आईवडिलांना बिलगून सोफ्यावर पडलाय आणि आई सोळाव्या शतकातली एक फ्रेंच गोष्ट जर्मन पुस्तकातून वाचतेय, वाचता वाचता त्याच्यासाठी भाषांतर करतेय. राजकन्येवर प्रेम करणारा सरदार, आणि त्याचा प्रश्न, बोलून टाकावं की मरून जावं. तो प्रश्न एलिओच्या हातात कोण ठेवतं, तर आई. त्यानंतरच तो ऑलिव्हरशी बोलायची हिंमत करतो. वडिलांचं भाषण सगळं होऊन गेल्यावर येतं, तिने आधीच ओळखलेलं असतं आणि ती ते शब्दांत आणत नाही.

आणि मग स्टेशन. ऑलिव्हरची गाडी निघून जाते, एलिओ फोनवरून आईला म्हणतो मला घ्यायला ये. ती येते. गाडीत तो रडतोय आणि ती गाडी चालवता चालवता एक हात त्याच्या मानेवर फिरवत राहते, बस. काय झालं नाही, कसा आहेस नाही. मी १९ वर्षांची असताना असंच एकदा आईला फोन करून फक्त ये म्हणलं होतं, ती आली, माझी बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि घरापर्यंत एक अक्षर बोलली नाही. त्या गप्प बसण्यात केवढं काम असतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं, ती मला चिडलेलीच वाटली होती. म्हणून असेल, पण या सीनवर कुणीतरी चार ओळी लिहायला हव्या होत्या असं मला फार मनापासून वाटतं. मोठं बोलणं लगेच कोट करता येतं, मानेवरचा हात कसा कोट करणार.

शेवटच्या शॉटबद्दल तर किती लिहिलंय लोकांनी. हिवाळा, ऑलिव्हरचा लग्न करतोय म्हणून फोन येऊन गेलाय, एलिओ शेकोटीसमोर बसलाय आणि कॅमेरा कितीतरी मिनिटं त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही, नावं पडायला लागतात तरी नाही. पण काल मी पहिल्यांदा चेहरा सोडून मागे बघितलं. मागे धूसर दिसतं, जेवणाचं टेबल मांडणं चाललंय, माणसांची ये-जा आहे. जवळ आल्यापासून ते दोघं एकमेकांना स्वतःच्याच नावाने हाक मारतात, म्हणजे हा मुलगा दुसऱ्याच्या नावाने हाका ऐकत आणि स्वतःचं नाव दुसऱ्याला देत आलाय. आणि आता मागून आईची हाक येते, एलिओ, आणि तो वळतो.

मी तेवढंच मागे घेऊन चार वेळा ऐकलं.