आठवा महिना: आधी पाठ, मग चेहरा

जुने कॉस्च्युम दागिने, म्हणजे खऱ्या सोन्या-हिऱ्यांऐवजी साध्या धातूचे, काचेच्या खड्यांचे फॅशनचे दागिने, ओळखायला शिकतेय, त्याला आठ महिने झाले. सुरुवातीला खडे, रंग, नक्षी यांतच रमायचे. आता दागिना हातात आला की आधी उलटा करते. नक्षीची फॅशन फिरून फिरून येते. पाठीमागची पिन, आकडी, बिजागरी मात्र त्या काळी जी मिळायची तीच बसवलेली असते.

या महिन्यात बराच वेळ खाल्ला तो एका ब्रोचने. फुलांचा गुच्छ, मागे सी अक्षरासारखी साधी उघडी आकडी, पिन अडकवायला कसलंही कुलूप नाही. वहीत मी लगेच लिहिलं: १९१० च्या आधीचा. मग दहापट भिंग लावलं आणि खड्यांवर पाण्यावरच्या तेलासारखे जांभळे-हिरवे रंग दिसले. ऑरोरा बोरियालिस! खड्यांवरचा हा रंगीत लेप स्वारोव्स्की या ऑस्ट्रियन काचकंपनीने आणला तो १९५० च्या दशकाच्या मध्यावर.

मग खडे मागाहून बदलले, की आकडी? सगळ्या खड्यांची झिलई सारखी, झीजही सारखी, घरांत कुठे गोंद ओघळलेला नाही. आकडीचा डाग, म्हणजे ती वितळलेल्या धातूने जोडलेली जागाही, स्वच्छ, आणि मुलामा त्या डागावरून सलग गेलेला. नंतर डागलेल्या आकडीभोवती बहुधा राखाडी ढेकूळ दिसतं, मुलामा जळलेला असतो. इथे दोन्ही मूळचेच. स्वस्त कामात साधी आकडी पुढेही बरीच वर्षं चालू राहिली, हे मी विसरले होते. दागिन्याचा सर्वांत तरुण मूळ भाग जितका जुना, तितकाच दागिना जुना. १९१० खोडलं, १९५५ नंतरचा असं लिहिलं. चाळीस-पन्नास वर्षांची चूक, पण हा धडा आता पक्का बसला.

शिक्के वाचणं त्या मानाने सोपं. ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे १९४५ ते १९५२, ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०. ट्रिफारी या अमेरिकन दागिने-कंपनीच्या नावाशेजारी कॉपीराइटचं चिन्ह असेल तर बहुधा १९५५ नंतरचा, कारण त्या वर्षी अमेरिकेत ट्रिफारीच्या शॅरेल या दुसऱ्या कंपनीविरुद्धच्या खटल्यात दागिन्यांच्या नमुन्यांना कॉपीराइटचं संरक्षण मिळालं. कानातल्यांमध्ये चाप दिसला तर १९३० च्या दशकाच्या मागे जात नाही. स्क्रूवाले त्याआधीपासूनचे, पण तेही १९५० च्या दशकापर्यंत बनत राहिले, म्हणून नुसत्या स्क्रूवर वय ठरवत नाही.

बेकेलाइटचा, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या एका कडक प्लास्टिकचा, वास आता ओळखता येतो. बांगडी गरम पाण्याखाली धरून लगेच हुंगायची, उग्र औषधी वास येतो. खड्यांच्या दागिन्यावर हा प्रयोग चुकूनही करू नका. पाणी आत शिरलं की खड्यामागची चांदीसारखी पन्नी काळी पडते आणि ती चमक परत येत नाही.

सध्या टेबलावर सोनेरी मुलाम्याची पानाच्या आकाराची पिन आहे. कारखान्याचं नाव नाही, फक्त ‘स्टर्लिंग’, म्हणजे चांदी. दुसऱ्या महायुद्धात नेहमीचे धातू युद्धाकडे वळल्यावर अमेरिकन कारखाने चांदीकडे वळले होते, त्यामुळे संशय १९४२ ते ४५ वर आहे. पण चांदीच्या पिना आधीही होत्या, नंतरही. बिजागरी अजून नीट तपासायची आहे.