आमची वाटचाल : ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा आणि आमचे वर्कशॉप

आमच्या वर्कशॉपमध्ये मोटारीचे सर्वच इलेक्ट्रिकल काम होते. परंतु दुसऱ्या गॅरेजने हात टेकून पाठवलेली गाडी येते, तेव्हा तक्रार बहुधा एकच असते. डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक जागीच घसरून फिरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो, स्कॅनरने कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, उडवला की जातो आणि चार दिवसांनी पुन्हा लागतो. तोवर त्या गाडीचा एखादा सेन्सर, क्वचित अख्खे कंट्रोल युनिट, म्हणजे यंत्रणेचा छोटा संगणकसुद्धा बदलून झालेले असते. असा दोष भाग बदलत बसण्याऐवजी मोजमापाने शोधायचा, हे आम्ही पहिल्यापासून ठरवले आणि त्यापायी वर्कशॉपला कुलूप लागण्याची वेळ आली होती. ती हकिगत आमच्या बाजूने कोणी सांगितलेली नाही, म्हणून ती येथे सविस्तर लिहीत आहे.

व्यवसाय सुरू केला तो माझ्याहून वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या भागीदारांबरोबर. वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना काका म्हणत. बॉश कंपनीचे एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, १९७८ मध्ये मोटारीत आले, १९८६ मध्ये कॅन ही गाडीतील युनिटांना जोडणारी संदेशवाहिनी जाहीर झाली आणि १९९५ मध्ये ईएसपी, म्हणजे गाडी घसरू न देणारी स्टॅबिलिटीची यंत्रणा, आले. काकांचा हात त्याच्या कितीतरी आधीपासून डायनॅमो आणि स्टार्टरवर बसलेला होता. तरीही नव्या गाड्यांतील दोष शोधण्याची आमची पद्धत त्यांनीच घालून दिली. वायर तपासायची ती तिच्यातून करंट वाहत असताना, हा त्यांचा दंडक. अनेक तारांच्या वायरीतील एकच तार शाबूत असली, तरी ओहममीटर जवळजवळ शून्य दाखवतो. त्या एका तारेवर एबीएसच्या पंपाची मोटर मात्र चालू शकत नाही. त्यासाठी त्यांनी हेडलाइटच्या ५५ वॅटच्या बल्बला दोन जाड वायरी आणि क्लिपा जोडून टेस्ट लॅम्प बनवला होता. संशयित वायरीवर साधारण साडेचार अँपिअरचा भार टाकायचा आणि बल्ब जळत असताना दोन टोकांमधला व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीत वाया जाणारे व्होल्टेज, मोजायचा. तो लॅम्प आजही बेंचवर आहे आणि रोज वापरात आहे.

आमचे दुसरे साधन ऑसिलोस्कोप, म्हणजे क्षणोक्षणी बदलणारे व्होल्टेज पडद्यावर रेघेने दाखवणारे यंत्र. वर्कशॉप नवे असताना एवढी रक्कम एका यंत्रात घालणे अनेकांना वेडेपणा वाटला. परंतु चाकाच्या स्पीड सेन्सरचा दोष पाहायचा तर त्याला पर्याय नाही. जुना कॉइलचा सेन्सर स्वतः एसी व्होल्टेज निर्माण करतो, त्याचा रेझिस्टन्स साधारण एक-दोन किलोओहम भरतो आणि चाक अगदी हळू फिरत असेल, तर त्याचा सिग्नल इतका क्षीण होतो की युनिटला तो कळत नाही. नवा अॅक्टिव्ह सेन्सर दोन वायरींवर चालतो आणि ७ व १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांत करंट बदलतो. त्याच्यावर ओहममीटर लावून काहीही निष्पन्न होत नाही. शिवाय त्याची चुंबकीय रिंग पुष्कळदा बेअरिंगच्या सीलमध्येच असते. बेअरिंग उलटे बसवले की सेन्सर नवा, वायरिंग चांगले आणि तरीही सिग्नल नाही, अशी स्थिती होते. त्या रिंगवरचे ध्रुव दाखवणारे छोटे चुंबकीय कार्ड मिळते. बेअरिंग बसवण्यापूर्वी ते लावून पाहायला काही क्षण पुरतात, आणि ते न केल्यास पूर्ण हब पुन्हा खोलावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. एका संस्थेच्या सर्व गाड्यांचे इलेक्ट्रिकल काम आमच्याकडे होते आणि आमचा बराचसा संसार त्याच कामावर चालत असे. त्यांच्या एका गाडीत ट्रॅक्शन, एबीएस आणि स्टॅबिलिटी हे तिन्ही दिवे एकदम लागत, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर येई आणि गाडी बंद करून सुरू केली की सारे सुरळीत होई. इंजिनाच्या युनिटमध्ये यू०१२१, म्हणजे एबीएस युनिटशी संपर्क तुटल्याचा कोड होता. बॅटरी सोडवून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये मोजले, तर बरोबर ६० ओहम मिळाले. म्हणजे कॅनच्या दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर जागेवर होते आणि त्याच्या दोन वायरींची जोडी अखंड होती. मग आम्ही एबीएस युनिटच्या अर्थच्या (बॉडीला जोडलेल्या परतीच्या वायरीच्या) पिनेवर ऑसिलोस्कोप लावून गाडी रस्त्यावर काढली. त्या गाडीत निघाल्यानंतर थोडा वेग आला की युनिट पंपाची मोटर क्षणभर चालवून स्वतःची चाचणी घेते. नेमक्या त्याच क्षणी अर्थच्या पिनेवरचे व्होल्टेज तीन व्होल्टच्या वर उसळले. मल्टिमीटरच्या आकड्यात ही उसळी दिसतही नव्हती. युनिटला मिळणारे व्होल्टेज तेवढ्यापुरते घसरून ते रिसेट होत होते आणि उरलेली युनिटे त्याच्या नावाने कोड नोंदवत होती. अर्थचा जोड बॅटरी ट्रेच्या खाली होता आणि त्या बाजूला अपघातानंतर रंगकाम झाले होते. ट्रे काढून जोड खोलण्याची परवानगी आम्ही तपासणीपत्रकात लेखी मागितली आणि ऑसिलोस्कोपचा आलेख सोबत जोडला.

परवानगी आली नाही. गाडी एका मोठ्या, झगमगीत वर्कशॉपकडे गेली. त्यांनी स्कॅनर लावला, कोड वाचला आणि एबीएस युनिटच बदलले. अर्थातच दिवा पुन्हा लागला. तेव्हा त्यांनी संस्थेला सांगितले की, आम्ही पिनांमध्ये सुया खुपसून वायरिंग खराब केले आहे. संस्थेने एका आठवड्यात सगळ्या गाड्या काढून घेतल्या, थकलेली बिले अडवली आणि ही बातमी इतर ग्राहकांपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. दोन कारागीर सोडून गेले. काकांनी स्वतःचा हिस्सा घेणे थांबवले आणि जागेचे भाडे कित्येक महिने आपल्या बचतीतून भरले. हे मी कधीही विसरणार नाही. त्या माणसाने उभ्या हयातीत पिनेत जाड सुई घातली नव्हती. कपलरच्या (वायरींच्या प्लगच्या) मागच्या बाजूने बारीक प्रोब सरकवून मोजण्याचा त्यांचा नियम होता आणि आरोप नेमका तोच झाला.

पुढे संस्थेत वाहनांची जबाबदारी नव्या इंजिनिअर बाईंकडे आली. जुन्या फायली चाळताना त्यांना आमचे पत्रक सापडले. गाडी त्यांनी स्वतः आणली आणि जोड खोलताना त्या समोर उभ्या राहिल्या. अर्थच्या आयलेटखाली, म्हणजे वायरीच्या टोकाच्या गोल कडीखाली, रंगाचा जाड, अखंड थर होता. बोल्टच्या आट्यांपुरताच धातूला धातू लागत होता. रंग घासून चकचकीत पत्रा काढला, आयलेट बदलले, बोल्ट योग्य टॉर्कने आवळला आणि वरून गंजरोधक लावले. पंप चालताना तोच ड्रॉप ०.१ व्होल्टच्या खाली आला. दिवा परत लागला नाही. थकलेल्या बिलांपैकी काही रक्कम मिळाली, काही बुडाली. ज्यांनी आरोप केला, त्यांनी तो आजवर मागे घेतलेला नाही. त्यांचे वर्कशॉप आमच्यापेक्षा मोठे आहे आणि आजही तेथे कोड वाचून भाग बदलले जातात.

त्या वाईट काळात एक ग्राहक मात्र हलले नाहीत. ते निवृत्त शिक्षक. त्यांच्या गाडीतला दिवा केवळ पावसात आणि डावीकडे वळतानाच लागे. दोन ठिकाणी पुढचा उजवा सेन्सर बदलून झाला होता, पण सेन्सरपासून बॉडीपर्यंत येणारा जोडवायरचा तुकडा जुनाच होता. चाक जॅकवर घेऊन फिरवत ठेवले, स्टीअरिंग पूर्ण डावीकडे वळवले आणि क्लिपपाशी वायर वाकवली की ऑसिलोस्कोपवरची रेघ सपाट होई. बाहेरून आवरण धड दिसत होते. दोन बोटांत धरून ओढताच वायर रबरासारखी ताणली गेली, कारण आत तांबे तुटून नुसते आवरण उरले होते. गुरुजींनी तो तुकडा मागून घेतला आणि त्यानंतर स्वतःच्या ओळखीतील किती गाड्या आमच्याकडे पाठवल्या, याची गणती नाही.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आवरणात सुई टोचून वायर तपासू नका; त्या भोकातून शिरलेले पाणी हिरवा गंज बनून तारेच्या आतून थेट युनिटपर्यंत जाते. कपलर उघडलाच तर मापाची नर पिन घालून मादी पिनेची पकड तपासा. सैल पिन डोळ्यांना दिसत नाही. ट्रॅक्शनचा दिवा लागला म्हणून लगेच चाकांकडे धावू नका. ही यंत्रणा घसरून फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनाचा टॉर्कही कमी करते, म्हणून थ्रॉटलचा दोष, ब्रेक लाइटचा स्विच, व्हील अलाइनमेंटनंतर शून्यावर न आणलेला स्टीअरिंग अँगल सेन्सर, एवढेच काय, एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर असला तरी हा दिवा लागू शकतो. आणि शोधण्याच्या कामाचे पैसे वेगळे सांगून घ्या. बदललेल्या भागाचे पैसे लोक विनातक्रार देतात, शोधण्याचे देताना कुरकुर करतात. ती सवय आपणच भाव न सांगून लावली आहे.

काका आता वर्कशॉपमध्ये येत नाहीत. तपासणीपत्रक मात्र त्यांच्याच आराखड्याप्रमाणे भरले जाते: कोड उडवण्यापूर्वी त्याची नोंद, बॅटरीचे व्होल्टेज, भाराखालचा ड्रॉप, ऑसिलोस्कोपचा आलेख आणि खाली ग्राहकाची सही. एक प्रत गाडीसोबत जाते. त्या संस्थेच्या गाड्या पुन्हा आमच्याकडे येतात, आणि त्यांच्या फायलीतही ती प्रत लागते.